मनावरचा आघात : चित्र, माती, ओवी यांची मदत कशी होते?

दरड, पूर, अपघात किंवा स्फोट यातून माणूस वाचतो, पण मन त्याच क्षणात अडकून राहू शकते. रायगड जिल्ह्याने ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ, २२ जुलै २०२१ ची तळीये (महाड) येथील आणि १९ जुलै २०२३ ची इर्शाळवाडी (खालापूर) येथील दरड पाहिली. अशा प्रसंगानंतर नुसत्या पावसाच्या आवाजानेही छातीत धडधडू शकते. धाटावसारख्या रासायनिक वसाहतीत स्फोट अनुभवलेल्या कामगाराला तसाच त्रास भोंग्याने होऊ शकतो.

लक्षणे
• प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर येणे, वाईट स्वप्ने पडणे
• दचकणे, चिडचिड, त्या जागी जाणे टाळणे
• लहान मुलांनी अंथरूण ओले करणे, आईला सोडून न राहणे

सुरुवातीचे काही दिवस असे होणे स्वाभाविक आहे.

कलेचा उपयोग का होतो?
आघाताच्या आठवणी अनेकदा शब्दांत नव्हे, तर दृश्य, आवाज, वास या रूपात राहतात. जे बोलता येत नाही, ते रंगांतून किंवा सुरांतून बाहेर येऊ शकते.

घरी काय करावे?
• चित्र : मुलांना कागद-रंग द्या. "दरडीचे चित्र काढ" असा आग्रह नको. चित्राबद्दल ते जेवढे सांगेल तेवढे ऐका.
• माती : पेणच्या गणेशमूर्तींमुळे शाडूची माती आपल्याला परिचित आहे. ती मळताना लक्ष हातांकडे, म्हणजे वर्तमानात येते.
• गाणे : ओव्या, भजन चारचौघांत म्हटल्याने एकटेपणा कमी होतो.
• लेखन : मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ मधील अभ्यासात सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे लेखन होते. घटना ताजी असताना घाई करू नका. त्रास वाढल्यास थांबा.

हे लक्षात ठेवा
घरातली कला हा आधार आहे, उपचाराला पर्याय नाही. आघातानंतरच्या तणावविकारात (पीटीएसडी) आघातावर केंद्रित समुपदेशन आणि ईएमडीआर या उपचारांचे पुरावे अधिक भक्कम आहेत. चालू औषधे स्वतःहून बंद करू नका.

डॉक्टरांना कधी दाखवावे?
लक्षणे महिन्याहून जास्त टिकली, काम किंवा शाळा सुटली, दारू वाढली, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जीव देण्याचे विचार येत असतील तर रुग्णाला एकटे सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेली-मानस १४४१६ ही मोफत सेवा २४ तास सुरू असते.