भगंदर व मूळव्याध : शस्त्रक्रियोत्तर उपचारांचा इतिहास

भगंदर व मूळव्याध : शस्त्रक्रियोत्तर उपचारांचा इतिहास. गुदमार्गाच्या आतील भागापासून गुदद्वाराजवळील त्वचेपर्यंत पोहोचणाऱ्या पूयुक्त नलिकेस भगंदर म्हणतात. गुदमार्गातील वाहिनीयुक्त मऊ उशा फुगून खाली सरकल्या म्हणजे मूळव्याध (अर्श) होते. दोन्ही विकारांवरील शस्त्रक्रिया थोड्या वेळात पूर्ण होतात. परंतु त्यांनंतर व्रण भरून येण्यास कित्येक आठवडे लागतात. शरीरातील इतर जखमांप्रमाणे या भागाला विश्रांती देता येत नाही, मलविसर्जन रोज व्हावेच लागते. शिवाय मलाचे नियंत्रण करणारे परिसंकोची (वलयाकार) स्नायू येथेच असतात आणि ते वाजवीपेक्षा अधिक कापले गेल्यास रोग बरा होऊनही रुग्णाला मलावर ताबा ठेवता येत नाही. त्यामुळे या शस्त्रक्रियांचा इतिहास हा बऱ्याच अंशी शस्त्रक्रियोत्तर शुश्रूषेचा इतिहास आहे.

प्राचीन काल : सुश्रुतसंहितेत ज्या आठ रोगांना ‘महागद’ म्हणजे कष्टसाध्य मोठे रोग म्हटले आहे, त्यांत अर्श व भगंदर हे दोन्ही येतात. अर्शावर औषध, क्षार, अग्निकर्म (डाग देणे) व शस्त्र असे चार उपाय सांगितले असून भगंदराचे शतपोनक, उष्ट्रग्रीव, परिस्रावी, शंबूकावर्त व उन्मार्गी हे पाच प्रकार वर्णिले आहेत. अर्शाचे अनेक मोड असल्यास ते एकाच वेळी न काढता सात-सात दिवसांच्या अंतराने एकेकावर उपचार करावा, असा या ग्रंथाचा निर्देश आहे. उपचारानंतर रुग्णास कोमट पाण्यात बसविण्याचा उल्लेखही त्यात आढळतो. भगंदराचा व्रण भरून आल्यानंतरही व्यायाम, मैथुन, क्रोध, घोड्यासारख्या वाहनावर बसणे व जड अन्न ही एक वर्ष वर्ज्य करावीत, असा नियम घालून दिलेला आहे. वरून भरलेला व्रण आतून कच्चा राहू शकतो, हा अनुभव या पथ्यामागे असावा. नाडीव्रणात क्षारयुक्त सूत्र ओवण्याची कृतीही सुश्रुतसंहितेत असून ती भगंदरासही लागू केली आहे. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्त यांच्या ग्रंथात स्नुहीचा (निवडुंगाचा) चीक व हळद यांची पुटे दिलेल्या सूत्राचा उल्लेख येतो.

ग्रीसमध्ये हिपॉक्राटीझ यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ग्रंथसंग्रहात (इ. स. पू. सु. ४००) भगंदर व मूळव्याध यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. मूळव्याधीवर तप्त लोखंडाचे डाग सांगितले आहेत, तर भगंदरात घोड्याच्या केसासह पिळलेला धागा ओवून तो सैल पडेल तसा आवळत नेण्याची रीत दिली आहे. धागा कुजल्यास केसाच्या साहाय्याने नवा धागा आत घेता येई. धागा हळूहळू कापत जातो आणि मागचा भाग त्याच वेळी भरून येतो, हे या पद्धतीचे तत्त्व आजही उपयोगात आहे.

मध्ययुग ते अठरावे शतक : इंग्लंडमधील जॉन आर्डर्न (१३०७–सु. १३९२) या शस्त्रवैद्याने १३७६ च्या सुमारास भगंदरावर ग्रंथ लिहिला. त्या काळी नलिकेत दाहक द्रव्ये भरण्याचा प्रघात होता. आर्डर्न याने नलिका उघडी करून तिच्यावर सौम्य मलमपट्टी ठेवण्याचा मार्ग पत्करला. बरे होण्यास जितका काळ लागेल असे वैद्यास वाटते, त्याच्या दुप्पट काळ रुग्णास सांगावा, असा त्याचा सल्ला होता. मुदत टळून गेली म्हणजे रुग्ण निराश होतो, आणि वैद्यावरील विश्वास हा बरे होण्याचा मोठा आधार असतो, असे कारण त्याने दिले आहे. हा सल्ला काहीसा व्यवहारचातुर्याचा असला, तरी दीर्घकाळ चालणाऱ्या शुश्रूषेत रुग्णाच्या मनःस्थितीला महत्त्व असते, ही जाण त्यात दिसते.

या विकाराच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे फ्रान्सचा राजा चौदावा लूई (१६३८–१७१५). १६८६ च्या प्रारंभी त्याला गुदद्वाराजवळ विद्रधी (गळू) झाला व त्यातून भगंदर उद्भवले. मलमे व इतर उपाय व्यर्थ ठरल्यावर शार्ल फ्रांस्वा फेलिक्स या शस्त्रवैद्याने १८ नोव्हेंबर १६८६ रोजी व्हर्साय येथे त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. तत्पूर्वी फेलिक्स याने कित्येक महिने रुग्णालयांतील गरीब रुग्णांवर सराव केला होता व या कामासाठी खास वक्र शस्त्र तयार करविले होते. राजाच्या वेदनांची नोंद इतिहासात तपशीलवार आहे. ज्यांच्या शरीरांवर हे कौशल्य कमावले गेले, त्या रुग्णांचे मात्र नावही उरलेले नाही. शुद्धिहरणाचे साधन नसताना राजाने हा प्रसंग धैर्याने सोसला व त्याच दिवशी मंत्र्यांची बैठकही घेतली. तथापि जखम तळापासून नीट भरून येत नसल्याने डिसेंबरमध्ये पुन्हा छेद द्यावे लागले. जानेवारी १६८७ मध्ये तो पूर्ण बरा झाला. या आनंदाप्रीत्यर्थ ८ जानेवारी १६८७ रोजी झालेल्या स्तोत्रगायनाचे संचालन करताना झां बातीस्त ल्यूली या संगीतकाराच्या पायावर तालदंडाचा आघात झाला. जखमेत कोथ (ऊतकमृत्यू) होऊन २२ मार्च रोजी तो मरण पावला. राजाची मोठी जखम बरी झाली आणि त्याच्या संगीतकाराची लहानशी जखम प्राणघातक ठरली. जंतुसंसर्गाचे ज्ञान नसलेल्या त्या काळात जखमेचे भवितव्य किती अनिश्चित होते, हे यावरून कळते. या यशामुळे फ्रान्समधील शस्त्रवैद्यांची प्रतिष्ठा मात्र वाढली.

अठराव्या शतकात भगंदराच्या सभोवतालचे ऊतक (समान कार्य करणाऱ्या पेशींचा समूह) खोलवर कापून काढणे व पोकळीत कापडाच्या वाती ठासून भरणे रूढ होते. लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यास विरोध केला. नलिका केवळ उघडी करावी आणि तीवर मऊ, हलकी पट्टी ठेवावी, असे त्यांनी प्रतिपादन केले.

एकोणिसावे व विसावे शतक : फ्रेडरिक सॅमन यांनी १८३५ मध्ये लंडन येथे गरीब रुग्णांसाठी सात खाटांचे रुग्णालय केवळ याच विकारांकरिता सुरू केले. ते १८५४ मध्ये नव्या वास्तूत गेले व सेंट मार्क्स रुग्णालय या नावाने प्रसिद्ध झाले. कादंबरीकार चार्ल्स डिकिन्झ यांच्या भगंदरावर सॅमन यांनीच ऑक्टोबर १८४१ मध्ये, शुद्धिहरणाविना, शस्त्रक्रिया केली. जानेवारी १८४२ मध्ये डिकिन्झ अमेरिकेच्या प्रवासास निघू शकले. १८४६ मध्ये ईथराच्या शुद्धिहरणाचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी पूतिरोधक (जंतुविरोधी) पद्धती प्रसिद्ध केली. त्यामुळे शस्त्रक्रियेतील यातना व नंतरचा धोका हे दोन्ही कमी झाले.

मूळव्याधीकरिता वॉल्टर व्हाइटहेड यांनी १८८२ मध्ये सांगितलेल्या शस्त्रक्रियेत श्लेष्मकलेचे (बुळबुळीत अस्तराचे) संपूर्ण वलय काढले जाई. त्यामुळे काही रुग्णांत गुदद्वार आकुंचित होई, तर काहींत अस्तर बाहेर येई. १९३७ मध्ये मिलिगन व मॉर्गन यांनी वर्णिलेल्या पद्धतीत मोड काढून जखमा उघड्या ठेवतात व त्यांच्यामध्ये त्वचेचे पट्टे राखतात. हे पट्टे राखल्याने आकुंचन टळते. फर्ग्युसन यांची जखम शिवण्याची पद्धती १९५९ मध्ये पुढे आली. १९९८ मध्ये अंतोनियो लोंगो यांनी यंत्राने टाके घालण्याची पद्धती मांडली. तीत प्रारंभीच्या वेदना कमी असतात, परंतु मोड पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे.

भगंदराच्या बाबतीत ॲलन पार्क्स यांनी १९७६ मध्ये नलिकेचा परिसंकोची स्नायूंशी असलेला संबंध पाहून तिचे चार प्रकार केले. कोणती नलिका सरळ उघडावी व कोणत्या नलिकेत स्नायू राखणारी पद्धती वापरावी, हे ठरविणे त्यामुळे सुकर झाले. भारतात बनारस हिंदू विश्वविद्यालयात पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षारसूत्राचे पुनरुज्जीवन केले. प्रचलित कृतीत सूत्राला स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार व हळद यांची एकूण २१ पुटे देतात आणि ते साधारणपणे दर आठवड्याला बदलतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत क्षारसूत्राने बरे होण्यास सु. ८ आठवडे, तर शस्त्रक्रियेने सु. ४ आठवडे लागले. मात्र रोग उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ४ टक्के व ११ टक्के होते. लवकर भरलेला व्रण टिकाऊ असतोच असे नाही, हे या चाचणीने दाखविले.

आधुनिक शुश्रूषा : एकोणिसाव्या शतकात शस्त्रक्रियेनंतर अफू देऊन काही दिवस मलावरोध घडवीत व नंतर एरंडेल देत. साठून कठीण झालेला मल बाहेर पडताना रुग्णास असह्य वेदना होत. आधुनिक पद्धती याच्या उलट आहे. भरपूर पाणी, तंतुमय आहार, इसबगोल व सौम्य सारके देऊन मल आरंभापासून मऊ ठेवतात. शौचानंतर कोमट पाण्यात बसण्याने (कटिस्नानाने) स्नायूंचा ताण सैल होतो व भाग स्वच्छ राहतो. नियमित वेदनाशामके दिल्यास पहिल्या शौचाची भीती कमी होते. मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस लघवी अडण्याचा संभव असतो, तसेच पहिल्या एक-दोन आठवड्यांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. अधिक रक्तस्राव, ताप, वाढत्या वेदना किंवा लघवी न होणे ही तत्काळ वैद्यकीय मदत घेण्याची लक्षणे होत. भगंदराची जखम तळापासून वर भरत येणे आवश्यक असते. ती वरून लवकर मिटल्यास आत पू साचून रोग उलटतो. म्हणून बाह्य खपली धरल्यावरही तपासणी चालू ठेवतात.

या विकारांविषयी लोक संकोचाने बोलत नाहीत. त्यामुळे अनेक रुग्ण उशिरा वैद्याकडे जातात किंवा अप्रशिक्षित व्यक्तींकडून उपचार करून घेतात. शौचावाटे रक्त जाणे हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते, म्हणून मूळव्याध आहे असे गृहीत धरण्यापूर्वी तपासणी होणे अगत्याचे असते. शस्त्रक्रियेनंतर मल किंवा वायू यांवरील ताबा कमी झाल्यास ती गोष्टही रुग्ण लपवितात. वस्तुतः ती वेळीच सांगितल्यास स्नायूंचे व्यायाम व इतर उपचार यांनी बऱ्याच रुग्णांना लाभ होतो.