पॅलेस थिएटर ते डॉल्बी

राजर्षी शाहू महाराजांनी 1915 मध्ये कोल्हापुरात पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभारले तेव्हा नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाई तो केवळ गळ्याच्या जोरावर. विजेचा आवाज आणला बोलपटाने. 1929 मध्ये याच शहरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ काढला. त्याच्या ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. प्रभात 1933 मध्ये पुण्याला गेली, पण आवाजाची हौस इथेच राहिली.

पुढे कर्णा लग्नाच्या मांडवात आणि प्रचारसभेत आला. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत असे. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतल्या ‘डॉल्बी’ने, म्हणजे मोठमोठ्या स्पीकरांच्या भिंतीने, मात्र ही पेटी फोडून तिचे भाग वेगळे केले. मिक्सरमधून निघणारा सिग्नल जेमतेम एखाद्या व्होल्टचा असतो. स्पीकर हलवण्याची ताकद त्यात नसते. क्रॉसओव्हर त्यातले खालचे व वरचे सूर वेगळे करतो आणि प्रत्येकाला स्वतंत्र पॉवर अ‍ॅम्प्लिफायर मिळतो. घरातल्या रिसीव्हरच्या प्री-आउटला, म्हणजे असाच कमजोर सिग्नल बाहेर देणाऱ्या जोडणीला, वेगळे अ‍ॅम्प्लिफायर जोडतात तेही याच तत्त्वावर. उरलेला फरक वॉटचा आणि शेजाऱ्यांच्या सहनशक्तीचा.

ही सहनशक्ती शेवटी कायद्याने मोजली. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. मिरवणुकीतली डॉल्बीची भिंत ती सहज ओलांडते.