तारप्याचें रिंगण आणि पाहणाराची नजर

कलावंतानें रंगभूमीवर आपलें रूप दाखवावें, कीं प्रेक्षकाच्या मनांत आधींच ठरलेलें रूप धारण करावें? हा प्रश्न वरवर कलेचा दिसला, तरी मुळांत तो मानाचा आहे. अमेरिकेंतील बर्ट विल्यम्स (१८७४–१९२२) हा नामांकित विनोदी नट जन्मानें कृष्णवर्णीय. तरीहि तो जळक्या बुचाची काजळी तोंडास फांसून रंगभूमीवर येई. गोऱ्या नटांनीं काळ्या माणसाचें जें विडंबन रूढ केलें होतें, तेंच प्रेक्षकांस खरें वाटे. खऱ्या काळ्या माणसाला खोटा काळेपणा उसना घ्यावा लागावा, ही केवढी विटंबना!

ही गोष्ट परदेशची म्हणून आम्हांस सोडून देतां येत नाहीं. पालघर-बोईसरहून पूर्वेस डोंगराकडे वळलें कीं वारल्यांचे पाडे लागतात. भातकापणीच्या सुमारास तेथें तारपा घुमूं लागतो. सुका भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचें पान व मेण एवढ्या साहित्याचें हें वाद्य. वाजविणारा मध्यें असतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेस हात घालून त्याच्याभोंवतीं फिरतात, आणि तारप्याला कोणी पाठ दाखवीत नाहीं. या नाचाला प्रेक्षक लागत नाहीं, हेंच त्याचें मर्म.

बाहेरून येणारानें मात्र 'आनंदी वनवासी' तेवढा पाहिला. सावकाराची वही पाहिली नाहीं. लग्नाच्या कर्जापायीं जमीनदाराकडे राबणाऱ्या वारल्यास 'लग्नगडी' म्हणत. जोतीराव फुले यांनीं १८७३ मध्यें आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें. त्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ मुंबईच्या इतक्या जवळ हें दास्य नांदत होतें! १९४५ सालीं शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या साह्यानें, किसान सभेच्या झेंड्याखालीं, वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. त्या लढ्यांत तलवाडा येथें पोलिसांच्या गोळीबारांत माणसें मेलीं. ज्यांना जग नाचणारे म्हणून ओळखत होतें, त्यांनीं 'आम्ही माणसें आहोंत' हें असें प्राण देऊन सांगितलें.

पुढें काळ पालटला. तांदळाच्या पिठानें भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणें हें सुवासिनींचें काम. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनीं १९७० नंतरच्या दशकांत ही कला कागदावर व कापडावर नेली. त्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०२६ सालीं तोच सन्मान तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांस जाहीर झाला. हा गौरव योग्यच आहे. परंतु तींच चित्रें आज पडद्यांवर व पेल्यांवर निनांवी छापलीं जातात. आणि व्यासपीठावर पाहुण्यांकडे तोंड करून नाचावें लागलें, कीं रिंगणाचें अर्धवर्तुळ होतें. अशा वेळीं विल्यम्सच्या काजळीची आठवण होते.

याचा अर्थ वारल्यांनीं जगासमोर नाचूं नये, असा मुळींच नाहीं. आपली कला कोठें न्यावी, हें ठरविण्याचा अधिकार त्यांचा आहे. आमचें कर्तव्य निराळें. भिंतीवर चित्र टांगणारानें चित्रकाराचें नांव विचारावें. आणि रिंगण पाहावयास जाणारानें ध्यानांत ठेवावें, कीं तारप्याकडे तोंड करणारे नर्तक पाहणाराला पाठच दाखविणार. त्यांत आमचा अनादर नाहीं. तो नाच आमच्यासाठीं नाहीं, एवढेंच त्या पाठी सांगत असतात. आणि तें ऐकून घेणें हाच खरा आदर होय.