सिरस सरांच्या घराचं दार

'अलीगढ' हा हिंदी सिनेमा २०१६ साली आला. मनोज वाजपेयीनं त्यात रंगवलेले प्राध्यापक खरोखर होऊन गेले आणि ते मराठीचे होते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक नसेल. त्यांचं नाव रामचंद्र सिरस.

नागपूरला शिकलेले सिरस सर अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वीस वर्षांहून जास्त काळ मराठी शिकवत होते. आधुनिक भारतीय भाषा विभागाचे ते प्रमुख होते. कविता लिहायचे, एका संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कारही मिळाला होता. साठी उलटलेली, निवृत्ती तोंडावर आलेली.

फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात शिरली. सर तेव्हा एका पुरुषासोबत होते. विद्यापीठानं निलंबित केलं, ते सरांना! राहतं घरही सोडावं लागलं.

गुन्हा म्हणावा, तर कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानात घातलेलं. दोन सज्ञान माणसांचे खासगीतले, संमतीचे संबंध हा गुन्हा नव्हे, असं दिल्ली उच्च न्यायालयानं सातच महिने आधी, २ जुलै २००९ ला सांगितलं होतं. १ एप्रिल २०१० ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगितीही दिली. सर जिंकले. पण ७ एप्रिलला भाड्याच्या घरात त्यांचा मृतदेहच सापडला.

मग ही हिंमत आली कुठून? मला वाटतं, ती 'तसले लोक' या दोन शब्दांतून आली. 'तसले' म्हणजे बायकी चालीचे, सिनेमात हसवायला आणलेले, नाहीतर पोरं बिघडवणारे. एकदा माणूस हसण्याचा किंवा भीतीचा विषय झाला, की त्याच्या घराचं दार कुणाला दार वाटत नाही.

आपल्या हैदराबादेत तर असा संशय कायद्यातच लिहिलेला होता. निजामाच्या राज्यात, १३२९ फसलीत, तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवायचा कायदा झाला. मुलं पळवतील, या संशयावरून! तो रद्द केला तेलंगणा उच्च न्यायालयानं, २०२३ साली. तृतीयपंथी वेगळे, समलिंगी पुरुष वेगळे. लोकांच्या मनातला संशय मात्र एकच.

सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये दिल्लीचा निकाल फिरवला आणि शेवटी ६ सप्टेंबर २०१८ ला असे संबंध गुन्ह्यातून कायमचे वगळले. कोर्टाचं काम झालं, आता आपलं.

इथे दिलसुखनगरात कोचिंगला आलेल्या पोरांच्या खोल्या गल्लोगल्ली आहेत. एकट्या पुरुषाला खोली द्यायची की नाही, हे पुष्कळदा घरातली बाईच ठरवते. आणि लग्नंही आपणच जुळवतो. 'आमचा मुलगा कुठे तसा दिसतो? लग्न झालं की होईल सगळं ठीक,' असं म्हणून बोहल्यावर उभं केलेल्या मुलासमोर कुणाची तरी लेक उभी असते. तिला कुणी काही सांगितलेलं नसतं. चालण्या-बोलण्यावरून माणूस ओळखता येतो, या समजुतीची किंमत मग दोघंही जन्मभर मोजतात.

सिरस सर कुणाच्याच कल्पनेतल्या 'तसल्या'सारखे नव्हते. मुलानं कधी धीर करून काही सांगितलं, तर 'तू तसा दिसत नाहीस' म्हणून त्याला गप्प करू नका. ऐकून घ्या.