सायकलस्वाराची संरक्षक उपनेत्रे

सायकल चालविताना धूळ, खडे, कीटक, वारा, पाऊस व प्रखर सूर्यप्रकाश यांपासून डोळ्यांचे रक्षण व्हावे म्हणून वापरावयाचे चष्मे. व्यवहारात त्यांना सरसकट ‘गॉगल’ म्हटले जाते. परंतु गडद रंग हे या चष्म्यांचे आवश्यक लक्षण नव्हे. त्यांचा इतिहास पाहता प्रथम धूळ, नंतर प्रकाश आणि अखेरीस आघात अशा क्रमाने संरक्षणाचा विचार होत गेला. सामान्य ग्राहकाच्या मनात मात्र यांपैकी मधली अवस्थाच पक्की बसली आहे.

सायकलस्वाराच्या डोळ्यापुढे काहीही आडोसा नसतो. मोटारीस काच असते व पादचाऱ्याचा वेग अल्प असतो. ताशी १८ किमी. वेगाने जाणारी सायकल सेकंदास ५ मी. अंतर कापते. डोळ्याजवळ काही आल्याची जाणीव होऊन पापणी मिटण्यास सु. एकदशांश सेकंद लागतो. तेवढ्यात सायकल अर्धा मीटर पुढे गेलेली असते. यामुळे समोरून येणारा बारीक कण पापणी मिटण्यापूर्वीच स्वच्छमंडलावर आदळू शकतो. सतत लागणाऱ्या वाऱ्याने अश्रूंचा पातळ थर सुकतो व डोळे चुरचुरतात, हा त्रास किरकोळ समजला जातो. परंतु कोरड्या स्वच्छमंडलावर कणाचा ओरखडा सहज उठतो.

इतिहास : रंगीत काचेचे चष्मे सायकलीहून जुने आहेत. लंडनचा उपनेत्रकार जेम्स ॲस्कॉफ याने अठराव्या शतकाच्या मध्यास निळसर व हिरवट काचा सुचविल्या होत्या. मात्र त्यांचा हेतू दृष्टीला आराम मिळावा एवढाच होता. कार्ल फोन ड्राइस याचे दुचाकी यंत्र १८१७ मध्ये अवतरले, तरी सायकल सर्वसामान्यांचे वाहन झाली ती जॉन केंप स्टार्ली याची सारख्या चाकांची ‘सेफ्टी’ सायकल (१८८५) व जॉन बॉइड डनलॉप याची हवा भरलेली धाव (१८८८) यांमुळे. वेग वाढला, रस्ते मात्र खडी व मातीचेच राहिले. धुळीसाठी मग बाजूंनी कातडे वा कापड लावलेले आणि पट्ट्याने डोक्यास बांधावयाचे बंदिस्त चष्मे प्रचारात आले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या उघड्या मोटारींच्या चालकांचेही हेच साधन होते.

फ्रान्समधील ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या काही दशकांतील छायाचित्रांत खांद्याभोवती जादा धावा गुंडाळलेले व कपाळावर वा गळ्यात असे चष्मे अडकविलेले स्वार दिसतात. हे साधन पुरेसे नव्हते, याचा एक बोलका पुरावा उपलब्ध आहे. १९२४ च्या शर्यतीतून आंरी पेलिसिए, त्याचा भाऊ फ्रांसिस व मॉरिस व्हिल हे मध्येच बाहेर पडले. कूतांस येथील एका उपाहारगृहात त्यांनी आल्बेर लाँद्र या पत्रकारास आपल्या पिशव्यांतील औषधे काढून दाखविली. त्यांत डोळ्यांसाठी बाळगलेले कोकेन होते. कार्ल कोलर या नेत्रवैद्याने १८८४ मध्ये डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बधिरक म्हणून कोकेनचा उपयोग दाखवून दिला होता. चाळीस वर्षांनी तेच द्रव्य शर्यतीतील स्वारांच्या पिशवीत पोहोचले होते. बधिर केलेल्या डोळ्यात कण खुपत नाही, मात्र इजा होतच राहते. हे प्रकरण उत्तेजक द्रव्यांच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते. खरे म्हणजे डोळ्यांच्या संरक्षणाच्या इतिहासातही त्यास स्थान मिळावयास हवे.

धुळीचा प्रश्न चष्म्याने नव्हे, तर रस्त्याने सोडविला. मोनॅको येथे १९०२ मध्ये एर्न्स्ट गुग्लिएल्मिनेट्टी या स्विस वैद्याने रस्त्यावर डांबर पसरण्याचा प्रयोग केला व पुढील काही दशकांत यूरोपातील प्रमुख रस्ते डांबरी झाले. बंदिस्त चष्मे मागे पडले आणि लक्ष प्रकाशाकडे वळले. सर विल्यम क्रुक्स यांनी काच कारखान्यांतील कामगारांना होणारा मोतीबिंदू टाळण्यासाठी जंबुपार व अवरक्त प्रारणे शोषणाऱ्या काचा तयार केल्या (१९१३). रंग आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. बाजाराने ते फारसे मनावर घेतले नाही. एडविन लँड यांच्या ध्रुवक पटलाचे व वैमानिकांसाठी बनविलेल्या हिरवट काचांचे चष्मे १९३० नंतरच्या दशकात लोकप्रिय झाले आणि गॉगल ही शोभेची वस्तू बनली.

तिसरा टप्पा प्लॅस्टिकचा. काचेचे भिंग फुटल्यास तिच्या कपच्या डोळ्यातच शिरतात. म्हणजे संरक्षक साधनच इजेचे कारण ठरते. अमेरिकेत १९४० मध्ये शोधलेल्या सीआर-३९ या रेझिनाची चष्म्याची भिंगे १९४७ पासून बनू लागली. ती हलकी होती. पण आघात सोसण्यात पॉलिकार्बोनेट सरस ठरले. जर्मनीत हेर्मान श्नेल व अमेरिकेत डॅन्येल फॉक्स यांनी ते १९५३ मध्ये स्वतंत्रपणे तयार केले. त्याची नेत्रभिंगे १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आली. आघाताने ते सहसा फुटत नाही, वाकून आघात पचविते. शिवाय जंबुपार प्रारणाचा बहुतेक भाग ते रंगाविनाच शोषून घेते. या द्रव्यामुळे एकसंध, चेहऱ्याभोवती वळणारे भिंग शक्य झाले. अमेरिकेतील ओकली कंपनीने १९८४ मध्ये अशी उपनेत्रे सायकलस्वारांसाठी आणली. ती वापरणारा ग्रेग लेमाँड हा १९८६ मध्ये तूर द फ्रान्स जिंकणारा पहिला अमेरिकी ठरला, तेव्हा त्यांचा बोलबाला झाला.

कामगाराची सायकल : हा सारा विकास शर्यतीतील स्वारांभोवती झाला. भारतात मात्र सायकल हे प्रामुख्याने कामावर जाण्याचे वाहन राहिले. पुणे शहराचा या संदर्भात नेहमी उल्लेख होतो; परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर हा पट्टा अधिक उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी तळावर फाळणीनंतर सिंधमधील निर्वासितांना वसविण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ म्हणून नामकरण झाले. बराकींच्या पाच कॅम्पांपैकी कॅम्प ४ विठ्ठलवाडी स्थानकाजवळ आहे. शहाड येथील रेयॉनचा कारखाना (१९५६), अंबरनाथ येथील आगपेट्यांचा व युद्धसामग्रीचा कारखाना आणि पुढे अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक वसाहती यांमुळे घरापासून चार-सहा किमी. अंतरावर काम असा येथील अनेकांच्या जीवनाचा साचा बनला. एवढ्या अंतराला सायकल सोयीची.

या कामगाराच्या डोळ्यांविषयी कायद्याने जी दृष्टी ठेवली, ती लक्षणीय आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३५ व्या कलमाने कण उडणाऱ्या वा तीव्र प्रकाशाच्या कामात पडदे किंवा संरक्षक चष्मे पुरविण्याची तरतूद केली. कामगारांच्या नेत्ररक्षकांसाठी आयएस ५९८३ हे भारतीय मानकही आहे. फाटकाच्या आत, शाणचाकासमोर, डोळ्याला मूल्य होते. फाटकाबाहेर त्याच डोळ्यात मालमोटारीच्या चाकाखालून उडालेला खडा गेला, तर तो नशिबाचा भाग समजला जाई. कामगार राज्य विमा अधिनियमात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने घर व कामाचे ठिकाण यांमधील प्रवासातील अपघात विशिष्ट अटींवर कामामुळे झालेला मानला जाऊ लागला. ही सुधारणा भरपाईपुरती होती. प्रतिबंध सायकलस्वाराच्या खिशावरच सोडलेला राहिला.

इजेचे स्वरूपही येथे शर्यतीच्या मैदानाहून वेगळे असते. डोळ्यात गेलेला कण रुमालाच्या किंवा पदराच्या टोकाने काढण्याची रीत सर्वत्र आहे. यात स्वच्छमंडल खरवडले जाते, जंतू वा बुरशी यांचा संसर्ग होऊन व्रण पडतो आणि तो बरा झाल्यावर पांढरा डाग उरतो. यालाच ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणतात. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब घातल्यास बुरशीचा व्रण बळावतो. रोजंदारी बुडू नये म्हणून दोन-तीन दिवस तसेच काढणाऱ्या माणसाची दृष्टी अशा क्षुल्लक कणाने जाऊ शकते. ऊन, वारा व धूळ यांचा वर्षानुवर्षे मारा झाल्यास नेत्रश्लेष्म्याची त्रिकोणी वाढ नाकाच्या बाजूने स्वच्छमंडलावर सरकू लागते. मोतीबिंदूच्या कारणांतही जंबुपार प्रारणाची गणना होते.

निवड : प्रथम भिंगाचे द्रव्य पाहावे, रंग नंतर. पॉलिकार्बोनेटाचे, शक्यतो बाजूंनीही डोळे झाकणारे, पारदर्शक वा फिकट भिंग हे कामावर जाणाऱ्या सायकलस्वारास सर्वांत उपयुक्त. कारखान्यात वापरतात तसा साधा पारदर्शक संरक्षक चष्मा या दृष्टीने महागड्या शोभिवंत गॉगलहून पुष्कळदा सरस असतो, हे अनेकांना चमत्कारिक वाटेल. वितळजोडकामाचा गडद चष्मा मात्र रस्त्यावर कधीही वापरू नये.

आंतरराष्ट्रीय मानकात उन्हाच्या चष्म्यांचे ० ते ४ असे वर्ग आहेत. ० वर्गाच्या भिंगातून ८० टक्क्यांहून अधिक, तर ३ वर्गाच्या भिंगातून ८ ते १८ टक्के दृश्य प्रकाश पार होतो. ४ वर्ग वाहन चालविण्यास निषिद्ध आहे. उल्हासनगरहून अंबरनाथ-बदलापूरकडे जाणारा रस्ता साधारणतः आग्नेयेस जातो. हिवाळ्यातील सकाळी कामावर जाताना आणि उन्हाळ्यातील संध्याकाळी परतताना मावळता वा उगवता सूर्य जवळजवळ समोर येतो. अशा वेळी करड्या छटेचे भिंग बरे. त्याने रंग बदललेले दिसत नाहीत व सिग्नलचे दिवे ओळखता येतात. परंतु तेच भिंग रात्रपाळीहून परतताना रस्त्यातील खड्डा लपविते. दोन चष्मे बाळगणे शक्य नसेल, तर पारदर्शक चष्मा व टोपीचा झाप यांवर भागवावे. ध्रुवक भिंगे ओल्या रस्त्याची चकाकी कमी करतात, हा त्यांचा गुण. मात्र पाण्याचा किंवा सांडलेल्या तेलाचा पट्टा त्या चकाकीनेच ओळखू येतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पावसाळ्यात भिंगावर बाष्प धरते, म्हणून चौकटीस वर हवेसाठी फटी असाव्यात.

उल्हासनगरच्या मालावरील ‘यू. एस. ए.’ या अक्षरांचा विस्तार ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा करण्याचा विनोद मुंबई परिसरात जुना आहे. हाती भांडवल नसता घराघरांतून लहान उद्योग उभारणाऱ्या निर्वासितांविषयी त्यात थट्टेइतकेच कौतुकही आहे. गॉगलच्या बाबतीत मात्र कोणत्याही बाजारातील चिठ्ठीवर विसंबून चालत नाही. ‘यूव्ही ४००’ या खुणेचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतचे जंबुपार प्रारण अडविले जाते असा असून अनेक चष्मेविक्रेत्यांकडे त्याची तपासणी करणारे छोटे उपकरण असते. गडद भिंगामागे बाहुली विस्फारते. त्यामुळे जंबुपार प्रारण न अडविणारे गडद भिंग अपायकारक ठरू शकते. स्वस्त गॉगलचा याहूनही नित्याचा दोष म्हणजे भिंगाचा असमान पृष्ठभाग व ठिसूळपणा. चष्मा हातभर दूर धरून त्यातून एखादी सरळ कड पाहावी व चष्मा हळूहळू हलवावा. कड लहरत असल्यास तो घेऊ नये.

दृष्टिदोषासाठी चष्मा लागणाऱ्यांनी नंबराची भिंगेच पॉलिकार्बोनेटाची करून घ्यावीत किंवा नेहमीच्या चष्म्यावर बसणारे मोठे पारदर्शक आवरण वापरावे. पॉलिकार्बोनेटाचा एक उणेपणा असा की त्यावर ओरखडे लवकर उठतात. धूळ बसलेले भिंग सदऱ्याच्या टोकाने कोरडे पुसल्यास ते काही महिन्यांत अंधुक होते. आधी पाण्याने धुऊन मग मऊ सुती कापडाने टिपल्यास ते दीर्घकाळ टिकते.