कुलाब्यातला सूर्यपंप

सौरऊर्जेची गोष्ट आपल्याकडे बहुधा १९७३च्या तेलसंकटापासून सुरू होते. माझ्या मते ती जवळजवळ शंभर वर्षे मागे, मुंबईच्या कुलाब्यापासून सांगायला हवी.

विल्यम ॲडम्स हा इंग्रज मुंबईत उपनिबंधक होता. उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, असे मांडणारे त्याचे पुस्तक १८७८ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी फ्रान्समध्ये ऑगस्टीन मूशोने एका मोठ्या वक्र परावर्तकाच्या साहाय्याने वाफेचे यंत्र चालवले होते. पण तसा परावर्तक घडवायला महाग आणि आकाराने वाढवायला अवघड. ॲडम्सने युक्ती केली. १७ इंच लांब, १० इंच रुंद असे साधे सपाट आरसे त्याने चौकटीवर ओळीने बसवले आणि सगळ्यांचे कवडसे एकाच बॉयलरवर पाडले. बॉयलर जागीच राही. सूर्य सरके तशी माणूस चौकट सरकवी. या जुळणीवर अडीच अश्वशक्तीचा पंप त्याने आपल्या बंगल्याच्या आवारात लोकांना चालवून दाखवला. सूर्यचूलही बनवली. जानेवारीच्या उन्हात तिच्यावर सात सैनिकांचे जेवण दोन तासांत शिजले.

मला या हकिगतीतले साल अस्वस्थ करते. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. सोलापूर, नगर, पुणे, साताऱ्याकडची माणसे खडी फोडायला जात होती. सूर्यपंपाने तो दुष्काळ टळला असता, असे मी म्हणणार नाही. आटलेल्या विहिरीत पंप काय उपसणार? पण वर्षाचे आठ महिने लख्ख ऊन असलेल्या, मोटेवर बागायत करणाऱ्या मुलखाच्या शेजारीच हे यंत्र उभे होते. ते घाट चढून वर आले नाही. मुंबईच्या गिरण्यांना विलायती कोळसा बोटीने मिळत होता. त्यांना चारही ऋतूंत चालणारी वाफ हवी होती; पावसाळ्यात ढगांआड जाणारा सूर्य त्यांच्या कामाचा नव्हता. आणि ज्याला तो कामाचा होता, त्या शेतकऱ्याकडे भांडवल नव्हते.

अनेक सपाट आरशांचा प्रकाश एका स्थिर बिंदूवर आणण्याचे तेच तत्त्व आज सौरमनोऱ्यांत दिसते. आणि आपल्या शेतावर आज सरकारी योजनेतून येणारा सौरपंप किमान तीन अश्वशक्तीचा असतो, म्हणजे ॲडम्सच्या पंपापेक्षा अर्धाच अश्वशक्ती अधिक. कुलाब्याहून देशावरच्या विहिरीपर्यंतचे अंतर कापायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. हे अंतर विज्ञानाचे नव्हते.