औषधाच्या मागणीवरून लागलेला माग

दुर्मीळ आजाराचं नाव ऐकलं की आपल्याला वाटतं, हे आपल्या गावचं नाही. पण अशाच एका दुर्मीळ आजाराने जगाला एड्सची पहिली खूण दाखवली.

न्युमोसिस्टिस नावाची एक बुरशी आहे. ती श्वासावाटे पुष्कळांच्या फुप्फुसात लहानपणीच जाते, पण धडधाकट शरीर तिला डोकं वर काढू देत नाही. प्रतिकारशक्ती ढासळली की मात्र ती पसरते. कोरडा खोकला, ताप आणि दिवसेंदिवस वाढणारी धाप सुरू होते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या अनाथालयांत कुपोषित आणि अपुऱ्या दिवसांची बाळं याच न्युमोनियाने दगावली.

अमेरिकेत यावरचं पेंटामिडीन हे औषध फक्त अटलांटाच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रातून मिळायचं. मागण्यांचं काम सँड्रा फोर्ड या बाई पाहायच्या. एरवी मागणी यायची ती कॅन्सरच्या किंवा किडनी बदललेल्या रुग्णांसाठी. १९८१ साली मात्र तरुण पुरुषांसाठी मागण्या येऊ लागल्या आणि त्यांची प्रतिकारशक्ती का गेली, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. फोर्डबाईंनी वरिष्ठांना लेखी कळवलं. लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनीही असे पाच रुग्ण पाहिले होते. त्यांचा अहवाल ५ जून १९८१ रोजी छापला गेला. एड्सवरचा तो पहिला अहवाल.

आपल्या देशात १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी एचआयव्हीची लागण प्रथम शोधली. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता.

तरीही नवरा या आजाराने गेला, तर बाई लाजेपोटी स्वतःची तपासणी टाळते आणि खोकला अंगावर काढते. सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत होते, नाव गुप्त ठेवलं जातं. प्रतिकारशक्ती फार उतरली असेल, तर डॉक्टर को-ट्रायमोक्साझोलची गोळी रोज घ्यायला सांगतात. ही साधी, स्वस्त गोळी या न्युमोनियाला आधीच अडवते.

फोर्डबाई डॉक्टर नव्हत्या, पण नेहमीपेक्षा वेगळं काय घडतंय ते त्यांनी टिपलं. आपल्या गटाच्या रजिस्टरवरही हजेरी असते. सलग दोन बैठकांना न आलेल्या मैत्रिणीच्या घरी दंड मागायला नको, विचारपूस करायला जाऊ या. धाप लागत असेल, तर तिच्याबरोबर दवाखान्यात जाऊ या.